वहीत एक पान माणसांचं
(शिरोली एमआयडीसीतल्या मासिक मेळाव्यातील मनोगत)



एखादीचा हप्ता चुकला की आपण दुसऱ्या दिवशी तिच्या दारात असतो. पण मागच्या चाळीत भाड्यानं राहणारी, फौंड्री कामगाराची बायको सातव्या महिन्यात आहे आणि तिची कुठंच नोंद नाही, हे आपल्यापैकी कुणाला माहीत होतं? मलाही नव्हतं.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवलं. कित्येकींना अक्षरओळख नव्हती. त्याच घरोघर जाऊन गरोदर बायका तपासू लागल्या, पोरांची वजनं घेऊ लागल्या.

आपल्याकडं आशाताई आहेत. पण खोल्यांतली माणसं सारखी बदलतात, त्या एकट्या कुठं कुठं पुरणार? म्हणून प्रत्येक गटानं आपली गल्ली वाटून घ्यायची. नवी बाई दिसली की बोलायचं, आशाताईंना कळवायचं. नवऱ्याच्या पगारातून ईएसआय कापत असतील, तर बायको-पोरांनाही उपचार मिळतात. त्यांची नावं नोंदलीत का, तेवढं विचारायचं.

कर्जाची वही आपण चोख ठेवतो. त्यात आता एक पान माणसांचं ठेवूया.