उडी जमिनीवर, वेग पाण्यावर

नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्याचे दत्तू भोकनळ २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी नौकानयनात १३वे आले. २०१८च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. वल्हं हातात असतं, पण नावेला जोर मिळतो तो मुख्यतः पायांच्या रेट्यातून. तो रेटा झटकन यावा म्हणून प्लायोमेट्रिक उड्यांचा सराव करतात. पाय टेकताच स्नायू ताणला जातो आणि लगेच आकसतो. त्या ताणातली ताकद पुढच्या उडीत उतरते. इगतपुरीच्या दारणा, भावली धरणांच्या परिसरातल्या मुलांनो, आधी बैठका पक्क्या करा. मग मऊ मातीवर, गुडघे वाकवून, अलगद उतरायला शिका. उड्यांचा सराव आठवड्यातून दोनदा पुरे. पावसात निसरड्या कातळावर उड्या नकोत. गुडघा दुखला, तर थांबा.