काम शिकताय? मग करार मागा



बारावीत नापास झालो तेव्हा बाबांनी मला उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत नेऊन उभं केलं. "पोराला काम शिकवा," एवढंच ते मालकांना म्हणाले. तीन वर्षं मी वाळू चाळली, साचे भरले, भट्टीसमोर उभा राहिलो. काम आलं. पण दुसरीकडं नोकरी मागायला गेलो तर पहिलाच प्रश्न, "सर्टिफिकेट कुठाय?" हातावरचे चटके सोडले तर दाखवायला माझ्याकडं काही नव्हतं.

आपल्या देशात १९६१ पासून शिकाऊ उमेदवारांसाठी कायदा आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. २०१४ मध्ये त्यात सुधारणा झाली, २०१९ मध्ये नियम बदलले. त्या नियमांप्रमाणे, कंत्राटी माणसं धरून ३० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. शिक्षण बघून महिन्याला किमान ५,००० ते ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. लेखी करार करून त्याची नोंदणी करावी लागते. मूल अठराच्या आतलं असेल तर सही पालकांची. शिकताना कामावर इजा झाली तर भरपाई मालकानं द्यायची.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा कायदा नोकरीची हमी देत नाही. शिकाऊ उमेदवार कायद्यानं कामगार ठरत नाही. पण शिकल्याचा पुरावा हातात येतो, आणि माझं अडलं ते तिथंच.

आपल्यासाठी मोठी गोष्ट म्हणजे हा कायदा केंद्राचा आहे. बेळगावात तोच, कोल्हापुरातही तोच. तो वय, शिक्षण आणि शारीरिक पात्रता बघतो. तुम्ही सीमेच्या कुठल्या बाजूचे, हे विचारत नाही. म्हणून खानापूरच्या पोरीनं शिरोली एमआयडीसीतही अर्ज करावा.

उद्या कुणी "ये, काम शिकवतो" म्हणालं तर नम्रपणे दोनच प्रश्न विचारा: करार नोंदवणार का? शेवटी सर्टिफिकेट मिळणार का? करार इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असेल, तर समजून घेतल्याशिवाय सही करू नका. जाणत्याकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा नाही.

भाषण संपलं की लगेच घरी जाऊ नका. मोबाईल आणि मार्कशीट घेऊन इथंच बसा. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर आपण मिळून नोंदणी करू.