नव्या खुब्याची गोष्ट

जयपूरनजीकच्या चौमूं गावी मी नोकरीनिमित्त राहत असता माझ्या वृद्ध आईचा उजवा खुबा निकामी झाला. सांध्यातील कूर्चा झिजून हाडावर हाड घासू लागले. देवापुढे मांडी घालणेही तिला दुरापास्त झाले. डॉक्टरांनी कृत्रिम सांधा सुचविला, तेव्हा तिने विचारले, "अरे, पण तो माझ्या आधीच झिजला तर?"

प्रश्न भाबडा नव्हता. इंग्लंडमधील शल्यविशारद जॉन चार्नली यांना त्यानेच छळले होते. त्यांनी प्रथम टेफ्लॉनची वाटी बसविली; ती काही वर्षांतच झिजली. तिचा भुगा शरीरास बाधतो काय, हे पाहण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला! पुढे १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलीनची वाटी योजली आणि ती टिकली.

तरीही सूक्ष्म भुगा उरलाच. शरीरातील भक्षक पेशी तो गिळतात, पण त्यांना तो पचत नाही. मग त्या हाड झिजविणाऱ्या पेशींना चेतवितात. हाड पोखरते, सांधा सैल होतो. गतशतकाच्या अखेरीस किरणांच्या संस्काराने टिकाऊ केलेले प्लास्टिक आले आणि ही झीज पुष्कळच घटली.

हे सारे ऐकून आई म्हणाली, "ज्याने आधी स्वतःच्या मांडीत सुई टोचून घेतली, त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही."

आज ती काठीवाचून चालते. मांडी डॉक्टरांनी वर्ज्य केली आहे; पूजा खुर्चीवर बसून होते. देवाची त्यास हरकत दिसत नाही.