नदीच्या बंधाऱ्याचाही जीर्णोद्धार
(जीर्णोद्धार समारंभातील व्याख्यान)



देवळाचा जुना दगड काढण्यापूर्वी जाणता गवंडी त्यावर भार कशाचा आहे ते पाहतो, वर टेकू देतो आणि मगच पहार लावतो. नदीवरच्या बंधाऱ्यालाही हाच नियम लागू आहे.

कऱ्हाडजवळचा खोडशीचा बंधारा एकोणिसाव्या शतकातला. त्याच्या कालव्याने कृष्णाकाठच्या कित्येक पिढ्यांची शेती भिजवली. पुढे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढायचे, ही त्यांची रीत. काढायला उशीर झाला तर पहिल्या लोंढ्यात झाडझाडोरा अडकतो, पाणी बगलेने वाट काढते आणि काठची शेते खचतात.

बंधारा उंच केला तर फुगवटा वरच्या गावात शिरतो. काठची जमीन पाणथळ, क्षारपड होण्याचे भय राहते. तो उतरवला तर वरच्या जॅकवेल कोरड्या पडतात आणि साठलेला गाळ खाली सुटतो. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी पाया कोरते आणि तेथील भोवऱ्यात पट्टीचा पोहणाराही सापडतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. त्या महापुराचा दोष एका बंधाऱ्याचा नव्हे; परंतु नदीच्या वाटेत काही करताना असा पूर हिशेबात धरलाच पाहिजे.

येरळेकाठच्या तांदुळवाडी-बलवडीचा दाखला घेण्याजोगा आहे. १९८० च्या दशकात तेथील दुष्काळी शेतकऱ्यांनी जाणकार अभियंत्यांच्या सल्ल्याने बळीराजा धरण उभे करण्याचा ध्यास घेतला. वाळूच्या विक्रीतून पैसा उभारला, श्रमदान केले. पाण्याचे समान वाटप हे तत्त्व त्यांनी आधीच ठरवले आणि भूमिहीनांचाही हक्क मानला.

बंधाऱ्यात बदल करतानाही क्रम हाच असावा. आधी मोजणी व पायाची तपासणी. मग वरच्या आणि खालच्या गावांची एकत्र बैठक. जलसंपदा विभागाची परवानगी. काम उन्हाळ्यात आणि टप्प्याटप्प्याने. बरगे कोणी, कोणत्या तारखेपर्यंत काढायचे, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर नावानिशी लिहावे.

देवळासाठी गाव एक झाले. बंधाऱ्यासाठी मात्र नदीकाठची सारी गावे एक व्हावी लागतात, एवढे ध्यानी असावे.