अजिंठा पाहताना

अजिंठ्याला जायचं तर आठ-दहा जणांनी मिळून, जाणकार मार्गदर्शक घेऊन जा. सोमवारी लेणी बंद असतात, एवढं लक्षात ठेवा. १ क्रमांकाच्या लेण्यात मुळीच घाई करू नका. आत अंधार असतो. डोळे सरावले की भिंतीवरच्या चित्रातला, हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व पद्मपाणी हळूहळू दिसू लागतो. ही चित्रं मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर रंगवलेली आहेत. गर्दीच्या श्वासातला दमटपणासुद्धा त्यांना बाधतो. फ्लॅशला तर बंदीच आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा भिंतभर पसरल्या आहेत, पण प्रसंगांचा क्रम सरळ नाही. मार्गदर्शकाचं मोल तिथे कळतं. २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पाखाली शोकाकुल शिष्य कोरले आहेत. त्यांचे चेहरे एकेक करून पाहा.