उदाहरण कुठले घ्यावे?

अभियांत्रिकीच्या अध्यापकाचे काम आज तासांत मोजले जाते. सहायक प्राध्यापकाच्या वाट्याला निकषानुसार आठवड्याला १६ तासांचा ‘लोड’ येतो, म्हणजे इतके तास त्याने वर्गात किंवा प्रयोगशाळेत प्रत्यक्ष शिकवावे अशी अपेक्षा असते. त्याखेरीज हजेरीची नोंद, कमी हजेरीवाल्यांची ‘डिफॉल्टर’ यादी, जर्नल तपासून द्यायचे टर्म वर्कचे गुण, इन्सेम आणि एन्डसेम या परीक्षांच्या उत्तरपत्रिका, प्रवेशाच्या हंगामात गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांना द्यायच्या भेटी आणि मानांकनाच्या फायली ही कामे त्याच तासांच्या कडेकडेने उरकावी लागतात. काही विनाअनुदानित संस्थांत हे सारे करूनही पगाराची तारीख निश्चित नसते, आणि घराचे हप्ते मात्र थांबत नाहीत. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील अध्यापक ज्या परिषदेत एकत्र आले आहेत, तिच्या अध्यक्षपदावरून या गाऱ्हाण्यांचा उच्चार होणे रास्तच आहे. तथापि प्रस्तुत भाषणाचा विषय या मोजदादीत कुठेच न येणारे एक काम हा आहे, आणि ते म्हणजे शिकवण्यासाठी योग्य उदाहरण शोधण्याचे काम.

या दोन तालुक्यांत अभियांत्रिकीचे शिक्षण उशिरा आले. पुण्यात त्याची सुरुवात १८५४ मध्ये झाली होती. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांना राज्याने दार उघडले ते १९८३ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना. आणि आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्द येथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले ते २००९ मध्ये. जुन्नर तालुक्यातही ओतूर, कुरण आणि बेल्हे या भागांत खासगी महाविद्यालये उभी राहिली. पूर्वी ज्या घरातील मुलाला पदवीसाठी पुण्यात खोली घेऊन राहणे परवडत नव्हते, त्या घरातील मुलगा, आणि विशेष म्हणजे मुलगी, आता सकाळी एसटीने किंवा महाविद्यालयाच्या बसने येऊन संध्याकाळी घरी परतते. वर्गात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी ऊस, कांदा किंवा टोमॅटो असतो. त्यामुळे इथल्या वर्गापुढे कोणते उदाहरण ठेवावे, हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या वर्गापेक्षा वेगळा ठरतो.

द्रवयांत्रिकी, म्हणजे पाण्यासारख्या वाहत्या पदार्थांचे शास्त्र, या विषयात उघड्या कालव्यातील प्रवाह हे प्रकरण असते, आणि त्याचा कणा म्हणजे रॉबर्ट मॅनिंग या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडलेले सूत्र. कालव्यातील पाण्याचा वेग तीन गोष्टींवर ठरतो असे ते सांगते: तळाचा उतार, जलीय त्रिज्या (पाण्याच्या काटछेदाचे क्षेत्रफळ भागिले पाण्याने भिजलेल्या कडांची लांबी) आणि खडबडीतपणाचा गुणांक. पुस्तकातील गणितात हा गुणांक आयता दिलेला असतो. विद्यार्थी तो सूत्रात घालतो, गणकयंत्राची बटणे दाबतो, उत्तर चौकटीत बंद करतो आणि पुढच्या गणिताकडे वळतो. गुणांक आला कुठून, हे त्याला कोणी विचारत नाही आणि तोही कोणाला विचारत नाही.

त्याच वर्गात ज्याच्या घरचे शेत चारीच्या, म्हणजे पोटकालव्याच्या, टेलला, अगदी शेवटच्या टोकाला, आहे असा विद्यार्थी हमखास बसलेला असतो. हा कुकडी प्रकल्पाचा मुलूख आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातील घोड नदीवरचे डिंभे ही या प्रकल्पाची धरणे. येडगावहून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत ओलांडून करमाळ्यापर्यंत जातो, आणि डिंभ्याचा डावा कालवा आपले पाणी येडगावात आणून सोडतो. आवर्तन, चारी, हेड, टेल, पाळी हे शब्द या विद्यार्थ्याने अभियांत्रिकीला येण्याच्या आधीपासून घरात ऐकलेले असतात. चांगल्या काँक्रीट अस्तराच्या कालव्याचा गुणांक सुमारे ०.०१५ असतो, अस्तर उखडले, गाळ साचला, गवत माजले की तो ०.०३० पर्यंत जाऊ शकतो, आणि सूत्रात तो भाजकाच्या जागी असल्यामुळे पाण्याची खोली आणि उतार तेवढाच राहिला तरी वेग निम्मा होतो. म्हणजे आवर्तन, कालव्याचे पाळीचे पाणी, सुटूनही टेलच्या शेतापर्यंत पाणी का पोहोचत नाही, याच्या कारणांपैकी एक मोठे कारण फळ्यावर या गुणांकासाठी लिहिलेल्या एका अक्षरात दडलेले असते. हे ज्या दिवशी वर्गात सांगितले जाते, त्या दिवशी मागच्या बाकावरचा विद्यार्थी मान वर करतो, कारण वडिलांच्या तोंडून ऐकलेली तक्रार त्याला प्रथमच गणिताच्या रूपात भेटते.

असे उदाहरण तयार करायला वेळ लागतो. कालव्यावर जावे लागते, पाटकऱ्याशी बोलावे लागते, आकडे मिळवून ते परीक्षेच्या साच्यात बसवावे लागतात. आणि नेमका हा वेळ अध्यापकाच्या वेळापत्रकात शिल्लक राहिलेला नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ मध्ये पूर्ण सदस्य झाला आणि त्यानंतर प्रत्येक विषयाच्या निष्पत्तींचा, म्हणजे विद्यार्थ्याला अखेरीस काय जमायला हवे याच्या विधानांचा, पदवीच्या निष्पत्तींशी असलेला संबंध १, २ किंवा ३ असा अंक देऊन तक्त्यात मांडण्याची पद्धत सर्वत्र रुजली. तिच्यामागचा हेतू उत्तम आहे. परंतु तक्ता भरण्यात ज्या संध्याकाळी जातात, त्या संध्याकाळी उदाहरण शोधले जात नाही, ही गोष्ट मानांकनाच्या तपासणीत दिसत नाही. वर्गात मात्र ती रोज दिसते.

उदाहरणांची वाण इथे नाही. नारायणगावाजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण, जिला सर्वजण जीएमआरटी म्हणतात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची आहे, आणि त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा असता तर वाऱ्याला सुमारे १,५९० चौरस मीटरची भिंत मिळाली असती आणि तिला तोलण्यासाठी लागणाऱ्या पोलादाचा खर्च झेपला नसता. म्हणून तिथे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पोलादी तारेची जाळी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेली आहे; जाळीची छिद्रे मध्यभागी सुमारे १० मिलिमीटरची आणि कडेला २० मिलिमीटरची आहेत. आकाशातून येणाऱ्या ज्या लहरी ही दुर्बीण टिपते, त्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून पुढे असल्याने लहरींना ती जाळी अखंड आरशासारखी भासते, आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. स्थापत्य, यंत्र आणि अणुविद्युत या तिन्ही शाखांच्या अध्यापकांना पुरेल एवढे शिक्षण त्या एका चौकोनी छिद्रात आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त तिथे विद्यार्थ्यांची रीघ लागते. छायाचित्रे निघतात, परंतु त्या भेटीचे गणित फळ्यावर क्वचितच उतरते.

एक उदाहरण मात्र हलक्या मनाने घेता येत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगावच्या पश्चिम भागातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. मृदायांत्रिकीत परिणामी प्रतिबलाचे तत्त्व शिकवतात: मातीच्या कणांनी एकमेकांना दिलेला आधार म्हणजे एकूण भारातून कणांमधल्या पाण्याचा दाब वजा केल्यावर उरतो तेवढा, पाऊस मुरत गेला की हा दाब वाढतो, आधार घटतो आणि उतार घसरतो. हे वजाबाकीचे एका ओळीचे समीकरण आहे. ज्या वर्गात घोड नदीच्या खोऱ्यातून आलेली मुले बसलेली आहेत, तिथे ते समीकरण लिहिताना अध्यापकाने गावाचे नाव घ्यावे, आणि ते घेताना आवाज खाली आणावा. नाव टाळून केलेले अध्यापन अधिक शास्त्रीय ठरते, हा समज चुकीचा आहे.

भाषेचा प्रश्न उदाहरणाच्या या शोधाशीच जोडलेला आहे. पुस्तक आणि प्रश्नपत्रिका इंग्रजीत असतात, व्याख्या इंग्रजीत लिहून दिली जाते आणि मग खडू खाली ठेवून अध्यापक मराठीत समजावतो. खरे शिकवणे तेव्हा घडते, आणि नेमके तेच कुठे लिहून ठेवले जात नाही. या भूमीत तांत्रिक कामाची नोंद लोकभाषेत करण्याची चाल जुनी आहे: जुन्नरच्या लेण्यांतील एका ब्राह्मी लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन ‘पोढी’, म्हणजे कातळात खोदलेली पाण्याची टाकी, दान दिल्याचे कोरलेले आहे, आणि तो लेख त्या काळच्या प्राकृतात आहे. त्याच चालीने खडू खाली ठेवल्यावरची वाक्येही लिहिली गेली पाहिजेत.

म्हणून या परिषदेपुढे एकच सूचना ठेवावीशी वाटते. प्रत्येक विभागाने प्रत्येक विषयासाठी या दोन तालुक्यांतील एक मोजलेले उदाहरण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत तयार करावे, आणि त्यासाठी लागलेले तास लोडमध्ये धरले जावेत. आरंभ कालव्यापासून करता येईल. पाटबंधारे खात्याची परवानगी घेऊन, पुढच्या रब्बी आवर्तनात एका तुकडीला सरळ वाहणाऱ्या भागावर न्यावे. अस्तर निसरडे असते, तेव्हा पाण्यात कोणी उतरू नये. सर्वेक्षणाच्या प्रात्यक्षिकातील ऑटो लेव्हलने अर्धा किलोमीटर अंतरातील पाणीपातळीचा उतार काढावा, पुलावरून वजन बांधलेली दोरी सोडून कालव्याच्या रुंदीभर ठिकठिकाणी खोली घ्यावी, मग प्रवाहाच्या मध्यावर नारळ सोडून ३० मीटर जायला त्याला किती सेकंद लागतात ते मोजावे आणि पृष्ठभागावरच्या वेगाला ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढावा. त्यातून निघालेला मॅनिंगचा गुणांक पुस्तकातल्या आकड्याशेजारी, आवर्तनाची तारीख घालून, जर्नलच्या पहिल्या पानावर लिहावा.