जनरेटर घेताना, जनरेटर बसवताना

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

आम्ही इंदापूर तालुक्यातल्या बावड्याहून बोलायला आलोय. आम्ही म्हणजे अकराजणींचा बचत गट. पिठाची गिरण, मिरची कांडप आणि उन्हाळ्यात शेवया-पापड असा आमचा धंदा आहे. आज आम्हाला जनरेटरवर बोला म्हणून सांगितलंय. आम्ही काही इंजिनियर नाही. पण जनरेटर घेताना आम्ही एकदा चुकलो आणि बसवताना दुसऱ्यांदा चुकलो. पहिल्या चुकीत पैसे गेले. दुसरी चूक एका माणसाच्या जिवावर बेतणार होती. तुमच्याकडून तसं होऊ नये, म्हणून दोन्ही चुका जशा घडल्या तशा सांगतो.

लाईट जाणं आपल्याला नवीन नाही. २००५ साली वीज मंडळाच्या चार कंपन्या झाल्या, तरी आपण अजून 'बोर्डाची लाईट' असंच म्हणतो. त्यानंतरची काही वर्षं आठवा. खेड्यात दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं. आता तेवढं नाही. पण वळीव झोडपून गेला की तार तुटते, डीपी जळतो, आणि मग कधी दोन तास तर कधी दोन दिवस वाट बघायची. हे फक्त खेड्यातच होतं असंही नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची लाईट गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

आमची अडचण वेगळीच होती. आमचा भाग नीरा आणि भीमा या नद्यांच्या मधला, सगळीकडे ऊस. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्या बायका दिवसभर फडात राबतात आणि अंधार पडल्यावर बाजरीची पिशवी घेऊन गिरणीवर येतात. त्यांच्या घरात पिठाचा डबा भरून ठेवलेला नसतो. आज दळलं तर आज भाकरी. एका रात्री लाईट नव्हती. एक बाई लेकराला काखेत घेऊन दहा वाजेपर्यंत गिरणीच्या पायरीवर बसली आणि शेवटी तशीच परत गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही बैठक घेतली आणि जनरेटर घ्यायचा ठराव केला.

आता पहिली चूक. आमच्या गिरणीची मोटार साडेसात एचपीची. जवळच एकाकडे जुना जनरेटर विकायला होता, तो साडेसात केव्हीएचा. आम्ही म्हटलं, साडेसातला साडेसात, जोडी जमली. पैसे मोजले आणि घरी आणला. गिरणीचं बटण दाबलं तर मोटार नुसती हुंकारली, दिवे मिणमिणले आणि जनरेटर धापा टाकत बंद पडला. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच.

असं का झालं, ते नंतर कळलं. वही-पेन असेल तर लिहून घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, आपण पाऊण किलोवॅट धरू. साडेसात एचपीची मोटार साडेपाच किलोवॅटच्या थोडं वर काम करते आणि त्यासाठी साडेसहा किलोवॅटच्या आसपास वीज ओढते. जनरेटरवर मात्र केव्हीए लिहिलेलं असतं. केव्हीएला ०.८ ने गुणलं की किलोवॅट येतात. म्हणजे साडेसात केव्हीएचा जनरेटर सहाच किलोवॅट देतो. चालत्या मोटारीलाही तो पुरणारा नव्हता, मग ती सुरू कुठून करणार?

कारण सुरू होतानाचा जोर आणखी वेगळा. भरलेली बैलगाडी जागची हलवताना बैलांना जो जोर लागतो, तो गाडी चालायला लागल्यावर लागत नाही. मोटारीचं तसंच आहे. साधा स्टार्टर असेल तर पहिले काही सेकंद ती नेहमीच्या पाच ते सात पट करंट ओढते. स्टार-डेल्टा स्टार्टर लावला तर हा झटका साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो. म्हणून जनरेटर घ्यायला जाताना मोटार किती एचपीची एवढंच सांगू नका, स्टार्टर कोणता आहे तेही सांगा.

आमचं ऐकाल तर दुकानात जायच्या आधी वहीत तीन रकाने पाडा. पहिल्या रकान्यात आपल्याकडच्या सगळ्या वस्तू लिहा आणि प्रत्येकीवरचा आकडा वाचून लिहा. दुसऱ्यात, लाईट गेल्यावर यातलं काय चालूच राहिलं पाहिजे ते लिहा. तिसऱ्यात, एकाच वेळी काय काय चालणार ते लिहा. आमची गिरण, तीन एचपीचं कांडप आणि दिवे-पंखे मिळून साडेनऊ किलोवॅटच्या आसपास भरले. जुना जनरेटर होता तो होता, पण पुढच्या वर्षी कर्ज काढून आम्ही १५ केव्हीएचा घेतला. तो १२ किलोवॅट देतो. गिरणीला स्टार-डेल्टा बसवला आणि भिंतीवर नियम लिहिला: आधी गिरण सुरू करायची, तिनं वेग घेतला की मगच कांडप. दोन्ही बटणं एकदम दाबायची नाहीत.

पण लई मोठा घ्यावा असंही नाही. डिझेल इंजिन रोज त्याच्या ताकदीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भारावर चालवलं तर डिझेल नीट जळत नाही, आत काजळी धरते आणि इंजिन लवकर कामाला येतं. घरासाठी दोन दिवे, दोन पंखे आणि मोबाईल एवढंच चालवायचं असेल, तर जनरेटरच्या नादी लागू नका. दीडशे अँपिअर-अवरची एक बॅटरी आणि इन्व्हर्टर एवढा भार पाच तासांच्या आसपास ओढतो, आवाज नाही, धूर नाही. जनरेटर लागतो तो मोटारीला, मोठ्या फ्रीझरला, दूध थंड करायच्या यंत्राला. म्हणजे जिथं काम थांबलं की माल नासतो नाहीतर गिऱ्हाईक उपाशी परत जातं, तिथं.

आता दुसरी चूक, आणि हीच सांगायला आम्ही इथवर आलोय.

तो जुना जनरेटर गिरण ओढत नव्हता, पण दिवे, फ्रीझर आणि शेवयाचं मशीन त्यावर चालायचं. जोडून देणाऱ्यानं दोन वायरी थेट मीटरच्या पुढच्या बोर्डात अडकवल्या आणि सांगितलं, "लाईट गेली की मेन खाली पाडायचं आणि जनरेटर लावायचा. चेंजओव्हरचा खर्च कशाला?" आम्हालाही ते बरं वाटलं. पैसे वाचत होते ना!

वैशाखातली गोष्ट. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला तार तुटली. आत शेवयाचं पीठ भिजवलेलं. आम्ही घाईत जनरेटर लावला. मेन पाडायचं कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं पाडलं असेल. पाच मिनिटांनी शेजारची पोर पळत आली, "काकी, लाईट आली! आमच्याकडं पण आली!" आम्ही बाहेर बघितलं तर समोरच्या तीन घरांत दिवे. आणि गल्लीच्या तोंडाला खांबाला शिडी लावून वायरमन भाऊ वर चढत होते. त्यांनी डीपीवरून लाईट बंद करून घेतली होती. त्यांच्या लेखी ती तार मेलेली होती. त्या तारेत आमची वीज खेळत होती.

आमच्यातली एकजण ओरडत त्यांच्याकडं पळाली, दुसरीनं जनरेटर बंद केला. भाऊंचा हात तारेपासून हातभर लांब होता. ते खाली उतरले आणि खांबाला टेकून बसले. कितीतरी वेळ काही बोललेच नाहीत. मग एवढंच म्हणाले, "ताई, आज माझ्या पोरांचं नशीब." त्यांची बायको आमच्याच गावातल्या दुसऱ्या गटात आहे. दर महिन्याला ग्रामसंघाच्या बैठकीत आमच्या शेजारी बसते. त्या रात्री आमच्यातली एकही जेवली नाही.

तर चेंजओव्हर म्हणजे काय ते नीट समजून घ्या. तो एक मोठा स्विच असतो. दांडा एका बाजूला केला की घर बोर्डाच्या लाईटवर, दुसऱ्या बाजूला केला की जनरेटरवर, मध्ये ठेवला की सगळं बंद. दोन्ही एकदम जोडले जाणं त्याच्यात शक्यच नसतं. म्हणजे आपण विसरलो तरी तो विसरत नाही. थ्री फेजला चार पोलचा घ्यावा, म्हणजे तीन फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. लाईट गेली की आपोआप बदलणारेही मिळतात, पण हाताचा स्विचही तेवढाच भरवशाचा. काही लाखांच्या जनरेटरपुढं त्याची किंमत काहीच नाही.

कुणी म्हणेल, आपला जनरेटर केवढासा, त्यानं काय होणार? ऐका. डीपी ११ हजार व्होल्टचं ४१५ करून आपल्याला देतो. आपली वीज उलटी त्याच्यात शिरली तर तोच डीपी तिचं परत ११ हजार करतो. आपण इथं शेवया करतोय आणि दोन किलोमीटर लांबच्या खांबावर एखादा माणूस चिकटू शकतो. शिवाय आपण जनरेटर चालू ठेवलेला असताना बोर्डाची लाईट आली, तर आपला जनरेटरही जळतो.

बसवतानाच्या बाकीच्या गोष्टी आता भराभर सांगतो. जनरेटर बंद खोलीत, पडवीत किंवा खिडकीखाली ठेवू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला नुसती गुंगी येते आणि झोपेतच जीव जातो. छोटा पेट्रोलचा जनरेटरही पावसात भिजतोय म्हणून घरात घेऊ नका. घरापासून निदान वीस फूट लांब, वर पत्रा आणि चारी बाजू मोकळ्या. गिरणीच्या खोलीत तर नकोच. पिठाच्या धुळीनं त्याचा एअर फिल्टर बसतो आणि पिठाला डिझेलचा वास लागतो.

खाली पक्का ओटा हवा, पाणी साचायला नको. अर्थिंगसाठी वेगळे दोन खड्डे हवेत, आणि उन्हाळ्यात तुळशीला घालतो तसं त्या खड्ड्यांतही पाणी घालत जा, कारण कोरड्या मातीत अर्थिंग काम करत नाही. नवीन घेत असाल तर प्रदूषण मंडळाचा नवा नियम बघा. १ जुलै २०२३ पासून तयार होणाऱ्या जनरेटरला सीपीसीबी चार-प्लस हे मानक लागू आहे. जोडणी परवाना असलेल्या ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून लेखी घ्या. चालू करण्याआधी विद्युत निरीक्षकांकडून तपासणी लागते का, तेही विचारून घ्या. हे कागद करायला आम्हाला चार खेपा पडल्या, पण आता कुणीही तपासायला आलं तरी भीती नाही.

खर्चाचं म्हणाल तर डिझेलची वीज महागच. ढोबळ मानानं एका युनिटला पाव ते अर्धा लिटर डिझेल जातं. तुमचं किती जातं ते तुम्हीच मोजा. टाकी खुणेपर्यंत भरा, एक तास चालवा, परत खुणेपर्यंत भरा. जेवढं ओतलं तेवढं तासाचं डिझेल. आमच्याकडं तासाला दोन लिटरच्या पुढं लागतं. म्हणून लाईट नसताना दळणाला किलोमागं थोडे जास्त घेतो, आणि तो दर पाटीवर लिहून लावलाय. न सांगता जास्त घेतले की वाद होतात, लिहून लावलं की कुणी काही म्हणत नाही. टोळीवाल्या बायकांकडून मात्र नेहमीचाच दर घ्यायचा, असा गटाचा ठराव आहे.

शेवटची गोष्ट. पहिल्या वर्षी लाईट गेली की आम्ही कुणाच्या तरी भावाला नाहीतर पोराला फोन करायचो. तो शेतात असला की गिऱ्हाईक ताटकळत बसायचं. मग आमच्यातल्या चौघींनी शिकून घेतलं. ऑइल बघणं, पाणी बघणं, चेंजओव्हर फिरवणं, आवाज बदलला तर बंद करणं, एवढंच तर असतं. लाईट गेली नाही तरी आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं गिरण जोडून चालवतो, नाहीतर ऐन वेळेला बॅटरी बसलेली निघते. गरम इंजिनात डिझेल ओतायचं नाही. आणि पट्ट्याजवळ जाताना पदर खोचलेला, वेणी बांधलेली, हे आमच्याकडं सक्तीचं आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी, दुकानात, डेअरीत, मंगल कार्यालयात जनरेटर आधीपासून असेल. आज घरी गेल्यावर फक्त एक बघा, त्याला चेंजओव्हर आहे का? नसेल तर तो बसेपर्यंत जनरेटरची वायर बोर्डातून काढून ठेवा. चार दिवस अंधारात काढावे लागले तर काढा. खांबावर चढणारा माणूसही कुणाच्या तरी घरचा असतो.

परवा हंगामात रात्री नऊला लाईट गेली, तेव्हा गिरणीवर सातजणी उभ्या होत्या. आमच्यातल्या एकीनं दांडा फिरवला, सेल मारला, गिरण सुरू झाली. पावणेदहाला सगळ्यांची दळणं झाली होती. समोरच्या तीन घरांत मात्र अंधारच होता, आणि तो अंधार बघून आम्हाला बरं वाटलं.